खाजगी स्प्रिंगा आणि सार्वजनिक खड्डे

आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी गेला पावसाळा संपताच आपल्या सात वर्षे जुन्या मोटारीचे चारही शॉकॲब्सॉर्बर बदलून घेतले. मूळचे होते तसलेच नवे बसवले असते तर त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. परंतु त्यांनी दाबाखाली वायू भरलेले, महागडे, शर्यतीच्या मोटारींशी नाते सांगणारे शॉक निवडले. जोडीला पुढच्या आसाशी अधिक जाड अँटीरोल बार बसविला आणि खालच्या आर्मचे रबरी बुश काढून टणक बुश घातले. खर्च एका महिन्याच्या वेतनाहून कमी नव्हता. स्टाफरूममध्ये या खर्चाचे समर्थन करताना ते दोन वाक्ये बोलले. पहिले असे, "गाडी आता वळणावर रस्त्याला चिकटून चालते." आणि दुसरे असे, "सर, खड्ड्यांचे मला आता काही वाटेनासे झाले आहे." पहिले वाक्य यंत्रशास्त्राचे आहे आणि ते बव्हंशी खरे असावे. दुसरे वाक्य अर्थशास्त्राचे आहे, आणि प्रस्तुत लेखाचा खरा विषय ते आहे.

'सस्पेन्शन' या इंग्रजी शब्दाचा शब्दशः मराठी प्रतिशब्द 'निलंबन' असा होतो. रस्ता वाहून गेला की एखाद्या कनिष्ठ अभियंत्याचे निलंबन होते आणि काही महिन्यांनी तो पुन्हा कामावर रुजू होतो, एवढ्याच अर्थाने हा शब्द आपल्या वृत्तपत्रांत रूढ आहे. मोटारीचे निलंबन मात्र आपण आपल्या खिशातून करतो आणि ते कायमचे असते. गॅरेजमधील मेस्त्री या सगळ्या यंत्रणेला 'खालचे काम' म्हणतात. हा शब्दप्रयोग कोशातील शब्दापेक्षा पुष्कळ अर्थवाही आहे.

हे खालचे काम नेमके काय करते, हे थोडे समजून घेतल्याखेरीज पुढचा युक्तिवाद उमगणार नाही. सर्वसाधारण समज असा की स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर प्रवाशाला हादरे बसू नयेत म्हणून असतात. हे अर्धेच खरे आहे. त्यांचे दुसरे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक मोलाचे, काम म्हणजे चाक रस्त्यावर टेकलेले ठेवणे. मोटारीला वळविणे, थांबविणे, पुढे नेणे या तिन्ही गोष्टी चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांतून होत असतात. उंचवट्यावरून उसळलेले चाक जितका काळ हवेत राहील तितका काळ ब्रेक आणि सुकाणू दोन्ही त्या चाकापुरते व्यर्थ होत. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेली शक्ती ती परत फेकते. तिचे हे झोके शमविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरमधील तेल करते. बारीक छिद्रांतून दाबाने जाताना ते तापते आणि झोक्याची शक्ती उष्णता होऊन विरून जाते. शॉक निकामी झालेली मोटार खड्ड्यानंतर होडीसारखी डोलत राहते याचे कारण हेच.

आता या यंत्रणेत 'सुधारणा' म्हणजे काय? कडक स्प्रिंग घातली की वळणावर मोटारीचे कलणे कमी होते आणि चालकाला ती हातात असल्यासारखी वाटते. अँटीरोल बार हेच काम दोन्ही बाजूंच्या चाकांना एका पोलादी दांड्याने जोडून साधतो. टणक बुश घातले की सुकाणूचा हिसका आणि चाकाचे वळणे यांतील ढिलाई नाहीशी होते. परंतु प्रत्येक लाभाचे मोल द्यावे लागते. साध्या प्रवासी मोटारीचे शरीर आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा या गतीने झुलते. माणसाच्या चालण्याची लय जवळपास याच टप्प्यातील असल्यामुळे ते आपल्याला सुसह्य होते. स्प्रिंग कडक करत गेले की ही लय वाढते, आणि रस्ता गुळगुळीत नसेल तर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी त्याच्या कडेवर आपटून उडते. जाड अँटीरोल बारामुळे एका बाजूच्या चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. तात्पर्य, युरोपातील सपाट डांबरी रस्त्यावर जी जुळणी मोटारीची पकड वाढविते तीच जुळणी आपल्याकडील तालुक्याच्या रस्त्यावर ती पकड कमी करू शकते. लोटस मोटारींचे जनक कॉलिन चॅपमन हे तर शर्यतीत मुरलेले अभियंते. तरीही त्यांच्या रस्त्यावरील मोटारी मऊ स्प्रिंगा आणि चांगले शमन यांसाठी नावाजल्या, हे बाजारात स्प्रिंगा कापून घेणाऱ्या आपल्या तरुणांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने आपली साधी 'टू सीव्ही' मोटार बेतताना तर अशी अट घातली होती, की नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटता कामा नयेत. आपल्या रस्त्यांना शोभेल असा हा दंडक फ्रेंच शेतकऱ्यासाठी घातला गेला, हाही एक योगायोगच.

म्हणून सहकाऱ्यांच्या खर्चाबाबत एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. मोटार वळणावर हातात राहात नाही अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये येणाऱ्या पुष्कळशा गाड्यांना सुधारणेची नव्हे, दुरुस्तीची गरज असते. फाटलेले बुश, गळणारे शॉक, झिजलेले बॉल जॉइंट, बिघडलेले अलाइनमेंट आणि टायरमध्ये कमी हवा एवढ्या गोष्टी नीट केल्या तर मूळ कारखान्याने दिलेली मोटार पुन्हा हाती येते, आणि तीही बरीच स्वस्तात. बाजार मात्र दुरुस्ती विकण्यापेक्षा सुधारणा विकणे पसंत करतो, कारण दुरुस्तीला प्रतिष्ठा नाही. सुट्या भागांच्या विक्रेत्याला आपण दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या नगरपालिकाही अस्तित्वात असलेला रस्ता राखण्यापेक्षा नव्या रस्त्याचा नारळ फोडणे पसंत करतातच.

कायद्याचेही भान असावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्ती कायद्यातील १९८-अ हे कलम मात्र फारसे कोणाच्या वाचनात नसते. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणास अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे ते कलम सांगते. मोटारीच्या खालचे काम बदलणाऱ्यास तुरुंग आणि रस्त्याच्या खालचे काम न करणाऱ्यास फक्त दंड, हा तोल कोणत्या स्प्रिंगेवर साधला आहे हे विधिमंडळींनाच ठाऊक.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. खड्ड्यांचे काही वाटेनासे होणे ही एक खाजगी खरेदी आहे. रस्ता ही सार्वजनिक वस्तू. ती एकट्याने विकत घेता येत नाही, परंतु तिच्या अभावाचा त्रास मात्र एकट्यापुरता विकत टाळता येतो. पाणी नळाला येत नाही म्हणून बंगल्यात विंधनविहीर, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, सरकारी रुग्णालय बरे नाही म्हणून विमा, तसेच रस्ता बरा नाही म्हणून उंच बांधणीची मोटार आणि तिच्याखाली भारी शॉक. या प्रत्येक खरेदीची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात भर म्हणून होते. फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेदेरिक बास्तिया याने १८५० साली फुटलेल्या खिडकीचा दृष्टान्त देऊन हा भ्रम उघडा पाडला होता. काच फुटल्याने काचवाल्याचा धंदा झाला हे डोळ्यांना दिसते. त्या पैशांतून घरधन्याने जे जोडे किंवा जे पुस्तक घेतले असते ते दिसत नाही. आमच्या सहकाऱ्यांच्या शॉकॲब्सॉर्बरमागे न घेतलेली पुस्तके किती, हे विचारण्याचा अधिकार मला नाही, पण प्रश्न राहतोच.

शिवाय हा खर्च दुहेरी आहे. महाराष्ट्रात नवी मोटार घेताना किमतीच्या एक-दशांशाहून अधिक रक्कम एकरकमी कर म्हणून द्यावी लागते. इंधनाच्या प्रत्येक लिटरात रस्ते व पायाभूत सुविधांचा उपकर दडलेला असतो. महामार्गावर टोल वेगळाच. एवढे देऊन जो रस्ता मिळतो त्यावर तग धरण्यासाठी जे सुटे भाग घ्यायचे त्यांवरही वस्तू व सेवा कर, जो सुट्या भागांपैकी बहुतेकांवर दीर्घकाळ २८ टक्के होता आणि सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. रस्ता जितका वाईट तितका सरकारचा या बाबीवरील महसूल अधिक, अशी ही उफराटी व्यवस्था आहे.

ही व्यवस्था अशी असावी असे कोणी ठरविले नव्हते. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीने १९२८ च्या अहवालात विचार मांडला तो सरळ होता. रस्ते वापरणाऱ्याने पेट्रोलवर जादा कर द्यावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच राखून ठेवावा. त्यानुसार १९२९ पासून गॅलनमागे दोन आण्यांचा अधिभार बसला आणि मध्यवर्ती रस्ते निधी जन्मास आला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली तीही याच शिफारशींच्या ओघात. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. म्हणजे कर आणि रस्ता यांची गाठ बांधण्याच्या कामात या प्रांताचा वाटा लहान नाही. निधी आजही आहे, पण २०१८ पासून त्याचे नाव 'रस्ते व पायाभूत सुविधा निधी' असे लांबले आणि त्यातील पैसा रेल्वेसारख्या इतर कामांकडेही जाऊ लागला. देणाऱ्याला आपण कशासाठी देतो हे ओळखू येईनासे झाले की हिशेब मागण्याची त्याची सवयही सुटते.

सवय सुटण्याची दुसरी वाट अधिक घातक आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या छोट्या ग्रंथात तिची मीमांसा केली. नायजेरियातील रेल्वेला मालमोटारींची जबर स्पर्धा असूनही तिचा कारभार सुधारत का नाही, हे कोडे त्याला पडले होते. त्याचे उत्तर असे, की ज्या गिऱ्हाइकांनी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने ओरड केली असती तीच गिऱ्हाइके मालमोटारींकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांना आवाज नव्हता, आणि रेल्वेला तुटीची भीती नव्हती, कारण तूट सरकार भरून देत होते. आपल्या शहरांतील प्राध्यापक, डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी ही अशीच बोलकी गिऱ्हाइके आहेत. नगरपालिकेत अर्ज कसा करावा, माहितीचा अधिकार कसा वापरावा, वर्तमानपत्राला पत्र कसे लिहावे हे त्यांना येते. त्यांच्याच मोटारींच्या स्प्रिंगा सर्वांत उत्तम आहेत. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी अपुरे राहिले. त्या काळात कोकणात उंच बांधणीच्या मोटारी घेऊन गणपतीला जाणारे आम्ही चाकरमानी खड्ड्यांवर विनोद करण्यात पटाईत झालो. तोच रस्ता एस. टी.च्या मागच्या बाकावरून पार करणाऱ्याला विनोद सुचत नाही.

त्या मागच्या बाकाबद्दल थोडे सांगायला हवे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पहिली एस. टी. सुटली. तेव्हापासून साध्या लाल गाडीच्या खाली बहुतांशी पोलादी पाटेच आहेत. एकावर एक रचलेले हे पाटे मजबूत असतात, कोणताही मेस्त्री ते बदलू शकतो आणि ते दुप्पट भारही सोसतात. परंतु त्यांचा ताठरपणा भरलेल्या गाडीच्या हिशेबाने ठरलेला असतो, त्यामुळे रिकाम्या गाडीत ते स्प्रिंगेसारखे न वागता फळीसारखे वागतात. त्यातून मागचा बाक मागील आसाच्याही पलीकडे, त्यामुळे तरफेच्या टोकाला बसावे तसा तेथील प्रवासी प्रत्येक धक्क्याला वर फेकला जातो. पहाटेच्या रिकाम्या गाडीने कॉलेजला येणारी मुलगी आणि तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेली गरोदर बाई यांना 'सुधारणा' विकत घेता येत नाही. हवेच्या फुग्यांवर तरंगणारी शिवनेरी त्याच महामंडळाची आहे, पण तिचे भाडे निराळे आहे. आणि बसपेक्षाही बिकट अवस्था दुचाकीस्वाराची. लहान चाकाची स्कूटर खड्ड्यात पूर्ण उतरते, आणि दुचाकीला तोल गमावण्यास एकच चाक घसरणे पुरेसे असते. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के होती. त्यांपैकी सगळी खड्ड्यांमुळे गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश द्यावा लागला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळावे.

सस्पेन्शन हा केवळ वाहनमालकाच्या सुखाचा विषय नाही, हे युरोपने फार आधी ओळखले. वाहन रस्त्याचा मार खाते, तसे वाहनही रस्त्याला मारते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी मालमोटारी अहोरात्र फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर हानी सोळापट. सहाशे किलो भार पेलणारा लहान मोटारीचा आस आणि दहा टनांचा मालमोटारीचा आस यांची तुलना केली तर दुसऱ्याची एक फेरी पहिल्याच्या सत्तर हजारांहून अधिक फेऱ्यांएवढी भरते. जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वाढ जेमतेम १३ टक्के दिसते, पण चौथ्या घाताच्या नियमाने हानी सुमारे ६० टक्क्यांनी वाढते.

त्यातही भार रस्त्यावर शांतपणे टेकतो की आदळतो याला महत्त्व आहे. म्हणूनच युरोपीय समुदायाने मालमोटारीच्या जोडआसांना १८ टनांची मर्यादा घालून, हवेचे किंवा त्या तोडीचे सस्पेन्शन असल्यास ती १९ टन केली. 'त्या तोडीचे' म्हणजे काय, हेही १९९२ च्या निर्देशात मोजून सांगितले आहे. वाहनाचे शरीर सेकंदाला दोनांहून अधिक वेळा झुलू नये आणि शमन ठराविक प्रमाणाहून कमी असू नये. जो आपल्या खर्चाने रस्ता वाचवितो त्याला एक टन जादा वाहू द्यावे, असा हा सौदा आहे. बाह्य परिणामांना किंमत लावण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला वर्गात शिकविण्यासाठी दुसरे सापडलेले नाही. पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाची मोठी संस्था आहे आणि शॉकॲब्सॉर्बरचे कारखाने आपल्याच नाशिक, चाकण परिसरात आहेत. अशी जुळणी मोजण्याचे आणि घडविण्याचे ज्ञान आपल्यापाशी नाही असे म्हणता येणार नाही. व्यावसायिक वाहनाच्या योग्यता तपासणीत शॉक आणि पाटे यांना धुराइतकेच महत्त्व मिळावे. एस. टी.ने नव्या गाड्या घेताना निविदेत सस्पेन्शनची अट घालावी, आणि रस्त्याच्या ठेक्यातील दोषदायित्व कालावधी व ठेकेदाराचे नाव रस्त्याच्या कडेलाच फलकावर लिहावे. मोटारीच्या सुट्या भागावर वॉरंटी किती महिन्यांची आहे हे आम्ही खोक्यावर वाचतो, तेवढी सोय रस्त्याबाबत मागणे हा अतिरेक नव्हे.

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर एक गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते, की गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा वाटेल असा असावा. आमचा गतिरोधक ओलांडायला एक पाऊल पुरते. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मी तो दोरी आणि पट्टी घेऊन मोजवून घेतला, आकृती काढविली आणि मानक व प्रत्यक्ष यांचा तक्ता जोडून एक अर्ज तयार केला. विद्यार्थ्यांच्या सह्या पहिल्याच दिवशी झाल्या. शिपाई आणि ग्रंथालयातील कारकून सायकलीने व स्कूटरने येतात, त्यांनी आपणहून केल्या. ज्यांच्या मोटारीखाली नवे शॉक आहेत त्या आमच्या सहकाऱ्यांनी अर्ज वाचला, इंग्रजी शब्दाचे एक शुद्धलेखन दुरुस्त केले आणि उद्या सही करतो म्हणून कागद माझ्या टेबलावर परत ठेवला. त्याला आता तीन आठवडे झाले. अर्ज येत्या सोमवारी नगरपालिकेत द्यायचा आहे.